शिवणयंत्र, सायकल आणि डोंबिवलीची मोटार

डोंबिवली पूर्वेला कल्याण-शीळ रस्त्यावर 'प्रीमियर मैदान' आणि 'प्रीमियर कॉलनी' ही नावे आजही चालतात. शाळेतल्या मुलांना ती सभेच्या जागेची किंवा वस्तीची नावे म्हणून ठाऊक असतात. पण याच रस्त्यालगत एके काळी मोटारगाड्या तयार होत होत्या, हे त्यांतल्या किती जणांना माहीत असेल? १९९४ ते १९९७ या काळात प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि फ्रान्सची प्यूजो कंपनी यांच्या भागीदारीतून 'प्यूजो ३०९' ही गाडी येथे बनत असे.

गाडीवर नाव फ्रेंच कंपनीचे होते. तिचा आराखडा मात्र इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरात तयार झाला होता. ज्या अभियंत्यांनी तो केला, त्यांच्या कंपनीची वंशावळ मागे मागे शोधत गेले, तर आपण चक्क एका शिवणयंत्राच्या कारखान्यात जाऊन पोचतो.

शिवणयंत्रापासून मोटारीपर्यंतचा हा प्रवास विज्ञान शिकवणाऱ्यांच्या फार उपयोगाचा आहे. ताण आणि दाब, वर्तुळाचा परीघ, दातेरी चक्रे हे सगळे पाठ्यपुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलेले असते. येथे ते एकाच गोष्टीत भेटते. शिवाय कारखाना उभा राहणे म्हणजे काय आणि तो बंद पडल्यावर गावाकडे काय उरते, हा ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या मुलांच्या घराशी संबंध असलेला प्रश्नही त्यातूनच पुढे येतो.

फिती, घड्याळे आणि शिवणयंत्रे

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कॉव्हेंट्री हे रेशमी फिती विणणाऱ्यांचे आणि घड्याळे बनवणाऱ्यांचे गाव होते. १८६० मध्ये ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात व्यापारी करार झाला आणि फ्रेंच रेशमावरची जकात उठली. स्वस्त आणि सुबक फ्रेंच फिती बाजारात आल्या. कॉव्हेंट्रीचे माग बंद पडले, हजारो विणकर बेकार झाले, कित्येक कुटुंबांनी गाव सोडले.

याच दशकात जोसाया टर्नर आणि जेम्स स्टार्ली यांनी तेथे शिवणयंत्रांचा कारखाना काढला. घड्याळाच्या नाजूक चक्रांवर हात बसलेले कारागीर गावात होतेच. स्टार्ली हा शेतकऱ्याचा मुलगा. शाळा बेताचीच झालेली, पण यंत्र उघडून त्यात सुधारणा करण्याची विलक्षण हातोटी असलेला. त्याच्याबरोबर विल्यम हिलमन नावाचा एक तरुण काम करत होता. हे नाव लक्षात ठेवू या.

१८६८ च्या सुमारास टर्नरच्या पुतण्याने पॅरिसहून पायडल मारून चालवायचे एक दुचाकी वाहन आणले आणि त्याबरोबर अशी वाहने बनवण्याची मागणीही आणली. कारखान्याने ती स्वीकारली आणि आपले नाव बदलून 'कॉव्हेंट्री मशिनिस्ट्स' असे केले. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटले आणि फ्रान्समधली विक्री थांबली. पण आता यंत्रे तयार होती, कारागीर तयार होते. ही दुचाकी मग इंग्लंडमध्येच विकायची ठरली.

त्या काळच्या या दुचाकीला लाकडी चाके आणि लोखंडी धाव असे. दगडी रस्त्यावर ती इतकी हादरे की लोक तिला 'हाडे खिळखिळी करणारी' म्हणत. स्टार्ली आणि हिलमन यांनी या चाकावरच बोट ठेवले. १८७० मध्ये दोघांनी मिळून 'एरियल' नावाच्या सायकलीचे पेटंट घेतले. तिच्या चाकात लाकडी आऱ्यांच्या जागी ताणलेल्या तारा होत्या.

तार दाबता येत नाही, ओढता येते

बैलगाडीचे चाक मुलांना चित्रातून तरी माहीत असते. गाडीचा भार मधल्या तुंब्यावर येतो आणि तुंब्याखालचा आरा त्या भाराने दाबला जातो. दाब सोसायचा तर आरा जाड हवा. बारीक असला तर तो वाकेल. म्हणून लाकडी चाक जड होते.

आता सायकलीची एक सुटी तार हातात घ्या. तिची दोन टोके एकमेकांकडे दाबा. ती लगेच वाकते. पण तीच तार दोन्ही टोकांनी ओढून तोडायला सांगा, वर्गातल्या पहिलवानालाही ते जमणार नाही. बारीक तार दाबाला कच्ची आणि ताणाला पक्की असते.

मग चाकाच्या तळाशी, जेथे भार येतो, तेथे तार वाकत कशी नाही? येथे खरी युक्ती आहे. चाक जोडतानाच सगळ्या तारा चांगल्या ताणून बसवलेल्या असतात. समजा प्रत्येक तारेत आधीच ६०० न्यूटन ताण आहे. माणूस सायकलीवर बसला की जमिनीजवळच्या दोन-चार तारांचा ताण कमी होतो, पण शून्यावर येत नाही. म्हणजे तार भार 'उचलते' ती आपला ताण कमी करून. जोवर ताण शिल्लक आहे, तोवर ती वाकत नाही. तारा सैल पडल्या तर चाक डगमगू लागते आणि सायकलच्या दुकानात जाऊन चाकाचा आउट काढावा लागतो. तो कारागीर करतो काय? निपल पिळून प्रत्येक तारेचा ताण पुन्हा जुळवतो.

हे वर्गात सहज पडताळता येते. सायकल स्टँडवरून खाली घ्या आणि एकाला ती धरून ठेवायला सांगा. मागच्या चाकाची अगदी तळाची तार नखाने छेडा आणि आवाज ऐका. आता एका मुलाला सायकलीवर बसवा आणि तीच तार पुन्हा छेडा. स्वर खाली उतरलेला ऐकू येईल. ताण कमी झाला की कंपनसंख्या कमी होते, हे तंबोऱ्याच्या तारेवर शिकवतो तेच येथे लागू पडते. मग सर्वांत वरची तार छेडून पाहा. तिच्या स्वरात फारसा फरक पडत नाही. 'आपण वरच्या तारांना लटकलेले असतो' असे उत्तर पुष्कळ मुले देतात. हा प्रयोग त्या उत्तराची परीक्षा घेतो.

पहिल्या एरियलमध्ये तारा तुंब्यापासून सरळ त्रिज्येच्या दिशेने जात. पायडलने तुंबा फिरवला की अशा तारा जोर नीट पोचवू शकत नसत. १८७४ मध्ये स्टार्लीने तारा तिरप्या, म्हणजे तुंब्याला स्पर्शिकेच्या दिशेने बसवल्या. आपल्या सायकलीच्या मागच्या चाकात तारा एकमेकींना छेदून जातात, त्या याच कारणाने.

एवढे मोठे चाक कशासाठी?

जुन्या चित्रांत पुढचे चाक प्रचंड आणि मागचे अगदी छोटे अशी सायकल दिसते. मुलांना तिची गंमत वाटते. पण तिच्यामागे साधे गणित आहे. तेव्हा पायडल थेट पुढच्या चाकाला जोडलेले असे. पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. चाकाचा व्यास १२७ सेंटिमीटर असेल तर एका फेऱ्यात सायकल सुमारे ४ मीटर जाईल. जास्त जायचे असेल तर चाक मोठे करण्याखेरीज उपाय नव्हता, आणि चाकाची मर्यादा स्वाराच्या पायाच्या लांबीने ठरे.

१८८५ मध्ये स्टार्लीचा पुतण्या जॉन केम्प स्टार्ली याने कॉव्हेंट्रीतच 'रोव्हर' ही सायकल बाजारात आणली. जवळजवळ सारखी दोन चाके, मधे पायडल आणि मागच्या चाकाला साखळी. आपल्या साध्या काळ्या सायकलीचा हिशेब करून पाहा. समजा पुढच्या चक्राला ४४ दात आणि फ्रीव्हीलला १८ दात आहेत. पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक ४४ भागिले १८, म्हणजे सुमारे २.४ फेरे फिरेल. चाकाचा व्यास ७१ सेंटिमीटर धरला तर सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे जाईल. चाक लहान झाले आणि पल्ला वाढला. उंचावरून तोंडावर पडण्याची भीतीही गेली.

वळणावरची अडचण

सायकलीच्या या कारखान्यांतून मोटारीच्या फार उपयोगी पडलेली आणखी एक गोष्ट पुढे आली. १८७० च्या दशकात तीनचाकी सायकलींची चलती होती. बाजूबाजूला दोन मोठी चाके एकाच आसावर पक्की बसवली तर सरळ रस्त्यावर काही बिघडत नाही. पण वळणावर गाडी अडते. का?

मैदानावर दोन विद्यार्थ्यांना सव्वा मीटर लांबीच्या काठीची दोन टोके धरून काटकोनात वळायला सांगा. आतला कमी चालतो, बाहेरचा जास्त. हा फरक किती? पाव वर्तुळ वळताना बाहेरचा मार्ग आतल्यापेक्षा काठीची लांबी गुणिले १.५७, म्हणजे जवळजवळ २ मीटर जास्त असतो. यातली गंमत अशी की वळण लहान असो की मोठे, हा फरक तेवढाच राहतो. असे का, हे मुलांना कागदावर शोधू द्या. दोन त्रिज्यांची वजाबाकी केली की उत्तर सापडते.

दोन्ही चाके एकाच आसाला घट्ट असतील तर दोन्हींचे फेरे सारखेच होणार. मग एक चाक रस्त्यावर घासत जाणार. स्टार्लीने १८७७ मध्ये यावर डिफरन्शियल ही दातेरी चक्रांची रचना वापरली. आपल्या मुलाबरोबर शेजारी बसून तीनचाकी चालवताना एकाचा जोर जास्त पडला, गाडी भरकटली आणि मुलगा रस्त्याकडेच्या काट्याकुट्यांत पडला, त्यातून ही कल्पना सुचली अशी गोष्ट सांगतात. या रचनेचे तत्त्व फ्रान्समध्ये १८२० च्या दशकातच पेकर याने वाफेच्या गाडीसाठी मांडले होते. पण सामान्य माणसाच्या वाहनात ते आले सायकलवाल्यांमुळे.

डिफरन्शियलचे तत्त्व समजावायला दोन फूटपट्ट्या आणि दोऱ्याचे रिकामे रीळ पुरेसे आहे. टेबलावर दोन पट्ट्या कडेवर, समांतर उभ्या धरा आणि दोहोंच्या मधोमध रीळ उभे ठेवा, म्हणजे ते दोन्ही पट्ट्यांना टेकेल. रिळाच्या भोकात पेन्सिल घालून ती पुढे ढकला. दोन्ही पट्ट्या मोकळ्या असतील तर रीळ न फिरता दोन्हींना सारखेच पुढे नेते. आता एक पट्टी बोटाने धरून ठेवा आणि पेन्सिल १० सेंटिमीटर पुढे न्या. दुसरी पट्टी २० सेंटिमीटर पुढे जाते. रीळ घसरत असेल तर त्याला रबरबँड गुंडाळा. पट्ट्या म्हणजे दोन चाके, पेन्सिल म्हणजे इंजिनाकडून येणारी गती. एक चाक जितके मागे पडते, तितकेच दुसरे पुढे जाते. दोन्हींची सरासरी इंजिन ठरवते.

ट्रकचे एक चाक चिखलात रुतले की ते जागच्या जागी गरगरते आणि कोरड्या जमिनीवरचे दुसरे चाक स्वस्थ राहते, हे दृश्य पावसाळ्यात कोणीही पाहिलेले असते. तो याच रचनेचा दोष आहे. स्टेशनबाहेरच्या रिक्षाच्या मागच्या दोन चाकांतही डिफरन्शियल असते.

हिलमनची मोटार

विल्यम हिलमनने पुढे भागीदारांसह स्वतःचा सायकल कारखाना काढला. त्याच्या सायकलींचे नाव होते 'प्रीमियर', आणि नंतर कंपनीही प्रीमियर सायकल कंपनी झाली. आपल्या डोंबिवलीच्या प्रीमियरशी या नावाचा काही संबंध नाही. तो निव्वळ योगायोग आहे. सायकलीत हिलमन गर्भश्रीमंत झाला नाही, पण कष्टाने लक्षाधीश झाला. १९०७ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर असताना, त्याने लुई कोटालेन या फ्रेंच अभियंत्याला बरोबर घेऊन कॉव्हेंट्रीत आपल्या बंगल्याच्या आवारात मोटारींचा कारखाना उभारला. कोटालेन दोन वर्षांत दुसरीकडे गेला आणि १९१० मध्ये कंपनी 'हिलमन मोटर कार कंपनी' झाली.

हिलमन एकटा नव्हता. हंबर, रोव्हर, सिंगर, रिले या ब्रिटिश मोटार कंपन्या मुळात सायकलीच्या. याचे कारण उघड आहे. मोटारीला लागणाऱ्या पोलादी नळ्या, छर्ऱ्यांचे बेअरिंग, साखळ्या, दातेरी चक्रे, तारांची चाके, हवेचे टायर हे सगळे सायकलीसाठी आधीच बनू लागले होते. ते बनवणारी लेथ यंत्रे होती, आणि त्यावर हजारावा भागही पहिल्यासारखाच उतरवणारे फिटर-टर्नर होते. इंजिन तेवढे नवे होते.

हिलमनला सहा मुली. १९२१ मध्ये तो वारल्यावर स्पेन्सर विल्क्स आणि जॉन ब्लॅक हे दोन जावई कारखाना पाहू लागले. १९२८ नंतर विल्यम आणि रेजिनाल्ड रूट्स या मोटारविक्रेत्या भावांनी हिलमन आणि हंबर या कंपन्या ताब्यात घेतल्या. पुढे सनबीम, टॅलबॉट, सिंगर याही त्यांच्याकडे आल्या. दोन्ही जावई बाहेर पडले. ब्लॅक 'स्टँडर्ड' कंपनीचा प्रमुख झाला. मद्रासला बनणारी आपल्या परिचयाची 'स्टँडर्ड हेरल्ड' त्या घराण्यातली. विल्क्स रोव्हरचा प्रमुख झाला आणि त्याच्या कारकिर्दीत, १९४८ मध्ये, 'लँड रोव्हर' रस्त्यावर आली.

कुर्ला, भांडुप, डोंबिवली

आता मध्य रेल्वेच्या लोकलमध्ये बसू या. या गोष्टीची तीन स्टेशने त्याच मार्गावर आहेत.

पहिले कुर्ला. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी भारतात मोटारीचा कारखाना काढायचे ठरवले तेव्हा दुसरे महायुद्ध सुरू होते आणि ब्रिटिश सरकारला हा उद्योग युद्धकाळात नको होता. तरीही वालचंदांनी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला, १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. १९५० च्या दशकात इटलीच्या फियाटशी करार झाला. त्या फियाटचीच पुढे 'प्रीमियर पद्मिनी' झाली. तिचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले आणि मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस निवृत्त झाली.

दुसरे भांडुप. येथे हिलमनचे घराणे थेट येऊन पोचले होते. रूट्स समूहाने १९४९ मध्ये 'ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया' ही कंपनी काढली. पण १९५३ मध्ये भारत सरकारचे धोरण ठरले की नुसती परदेशी भागांची जुळणी चालणार नाही. टप्प्याटप्प्याने भाग येथेच बनवण्याचा कार्यक्रम ज्यांच्याकडे असेल, त्यांनीच मोटारी कराव्यात. शिवडीला १९२८ पासून जुळणी करणारी जनरल मोटर्स गाशा गुंडाळून गेली. भांडुपची कंपनी मद्रासच्या उद्योगसमूहाकडे गेली आणि तिचे नाव लोकांच्या ओठी राहिले ते लँब्रेटा स्कूटरमुळे.

तिकडे ब्रिटनमध्ये रूट्स समूह तोट्यात गेला. १९६४ मध्ये क्रायस्लरने त्यात भाग घेतला आणि १९६७ मध्ये तो ताब्यात घेतला. म्हणजे वालचंदांची पहिली भागीदार आता हिलमनची मालकीण झाली. १९७६ मध्ये हिलमन हे नाव गाड्यांवरून गेले. १९७८ मध्ये क्रायस्लरने आपला युरोपातला सगळा व्यवसाय प्यूजोला विकला. कॉव्हेंट्रीजवळच्या व्हिटली येथील रचना केंद्रात तेव्हा एका नव्या गाडीचे काम सुरू झाले. ती 'टॅलबॉट' नावाने यायची होती; पण ऐनवेळी प्यूजोने तिला आपले नाव दिले. १९८५ मध्ये ती 'प्यूजो ३०९' म्हणून बाहेर पडली आणि कॉव्हेंट्रीच्या रायटन कारखान्यातही बनू लागली.

तिसरे स्टेशन डोंबिवली. प्रीमियरचा दुसरा कारखाना येथे होता. उद्योगजगतात त्याला कल्याणचा कारखाना म्हणत. १९९३ मध्ये मोटारउद्योगाचा परवाना रद्द झाला आणि परदेशी कंपन्यांना दार उघडले. प्रीमियरने प्यूजोशी भागीदारी केली आणि १९९४ मध्ये ३०९ डोंबिवलीत बनू लागली. पेट्रोल आणि डिझेल अशा दोन्ही इंजिनांची ही गाडी पद्मिनीहून अगदी वेगळी होती. पद्मिनीत इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना, म्हणून लांब दांडा आणि मागे डिफरन्शियलचा गोळा. ३०९ मध्ये इंजिन आडवे, जोर पुढच्याच चाकांना, आणि डिफरन्शियल गिअरच्या पेटीतच. जागा बदलली, तत्त्व स्टार्लीच्या तीनचाकीतलेच राहिले.

पण ही भागीदारी टिकली नाही. त्याच सुमारास प्रीमियरने फियाटशीही नवा संसार मांडला होता. डोंबिवलीत कामगार आणि व्यवस्थापन यांचा संघर्ष पेटला, बाजारात नवे स्पर्धक आले आणि १९९७ मध्ये प्यूजो बाहेर पडली. कंपनीने पुढे पुण्याजवळ चिंचवडला यंत्रनिर्मितीवर भर दिला. कल्याण-शीळ रस्त्यावर आता उंच गृहसंकुले उभी आहेत.

काय विकले जाते, काय उरते

कंपनीच्या नावाला आणि जमिनीला गिऱ्हाईक मिळते. क्रायस्लर, फियाट आणि प्यूजो या तिघी वेगवेगळ्या दशकांत प्रीमियरच्या भागीदार होत्या. २०२१ पासून तिघीही 'स्टेलांटिस' या एकाच समूहात आहेत. रायटनचा कारखाना २००६ मध्ये बंद पडला. ज्या व्हिटलीत डोंबिवलीच्या मोटारीचा आराखडा झाला, ती जागा प्यूजोने जग्वारला विकली. आज तेथे जग्वार लँड रोव्हरचे मुख्यालय आहे, आणि २००८ मध्ये ती कंपनी मुंबईच्या टाटा मोटर्सने विकत घेतली. स्टार्लीच्या पुतण्याने १८८५ मध्ये सायकलीला दिलेले 'रोव्हर' हे नाव असे फिरत फिरत आपल्याकडे आले.

कारागिराच्या हाताचे मात्र तसे नसते. तो हात दुसऱ्या कामाला लागला तरच त्यातले कसब टिकते. कॉव्हेंट्रीत फितींचा धंदा बुडाल्यावर शिवणयंत्र आले, शिवणयंत्रानंतर सायकल, सायकलीनंतर मोटार. प्रत्येक वेळी जुने कसब असलेल्या माणसाला चालत जाण्याच्या अंतरावर दुसरी कार्यशाळा सापडली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने १९६२ पासून ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून पुढे जे कारखान्यांचे पट्टे आखले, त्यांमागेही हाच विचार होता. एक मोठा कारखाना आणि त्याच्याभोवती नट-बोल्ट, स्प्रिंगा, साचे, ओतकाम करणारे शंभर छोटे. मोठा बंद पडला तरी छोट्यांनी दुसरे गिऱ्हाईक शोधावे. पण कारखान्याच्या जागी घरेच उभी राहिली, तर फिटरचा मुलगा वडिलांचे काम शिकणार कोठे? पिंपरी-चिंचवडमध्ये या प्रश्नाला काही उत्तर मिळाले. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत ते अजून मिळायचे आहे.

शिक्षकाच्या हातात यातले थोडे नक्कीच आहे. कारखान्यात काम केलेले आजोबा, काका, शेजारी या शहरांत अजून आहेत. त्यांतल्या एखाद्याला वर्गात बोलवावे. व्हर्निअर कॅलिपर त्यांच्या हातात द्यावा आणि मापे कशी घेत, हे त्यांच्याकडून ऐकावे. प्रयोगवहीतल्या लघुतम मापाचा अर्थ त्या दिवशी मुलांना वेगळा कळेल.

वर्गासाठी

१. घरच्या सायकलीच्या दोन्ही दातेरी चक्रांचे दात मोजा, चाकाचा परीघ दोऱ्याने मोजा आणि पायडलच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाईल ते काढा. मग प्रत्यक्ष चालवून पडताळा घ्या.

२. रिक्षाला मागे डिफरन्शियल लागते, पण पुढे लागत नाही. का?

३. रेल्वेच्या डब्याची दोन चाके एकाच आसावर पक्की असतात आणि त्यांत डिफरन्शियल नसते. तरी लोकल वळण कसे घेते? चाकाच्या रुळावर टेकणाऱ्या कडेचा आकार नीट पाहा आणि विचार करा.

४. आपल्या गावात बंद पडलेल्या एका कारखान्याची माहिती काढा. तेथे काय बनत असे, त्यासाठी कोणकोणती कसबे लागत आणि ती माणसे पुढे कोणत्या कामाला लागली?